हिरोशी योशिदा: उजेडाचे ठसे

जपानी चित्रकार हिरोशी योशिदा लाकडी ठशांनी छापलेल्या मुद्राचित्रांकडे वळले ते चाळिशी उलटल्यावर. १८७६ साली कुरुमे इथे जन्मलेला हा माणूस मुळात तैलरंग आणि जलरंगांतला. १८९९ मध्ये मित्रासोबत तो अमेरिकेला गेला आणि डेट्रॉइट, बॉस्टनमध्ये जलरंगचित्रं विकून नाव कमावून आला.

१९२० मध्ये त्यांनी प्रकाशक शोझाबुरो वातानाबे यांच्यासाठी मुद्राचित्रं सुरू केली. तीन वर्षांनी टोकियोचा भूकंप झाला. त्यामागून लागलेल्या आगीत वातानाबेंचं दुकान ठशांसकट जळालं. योशिदा चित्रं विकायला पुन्हा अमेरिकेला गेले. जपानी मुद्राचित्रांची तिथली ओढ त्यांनी पाहिली आणि १९२५ मध्ये परतल्यावर स्वतःचीच कार्यशाळा उभी केली.

हा निर्णय मला त्यांच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा वाटतो. परंपरेत चित्रकार रेखाटन देऊन मोकळा होई. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा, सूत्रं प्रकाशकाच्या हाती. योशिदा स्वतः कोरायला शिकले, कारागिरांच्या शेजारी उभे राहून प्रत्येक रंगाचा हात तपासू लागले. एका चित्राला तीसेक वेळा छाप देणं त्यांच्याकडे नेहमीचंच. निक्कोच्या योमेइ दरवाजाच्या चित्राला तर ९६ छाप आहेत! ही चिकाटी उजेडासाठी होती. १९२६ ची शिडाच्या होड्यांची चित्रं पाहा. ठसे तेच, फक्त रंग बदलत त्यांनी सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र छापली. पाणी प्रत्येक वेळी निराळं दिसतं.

१९३० च्या अखेरीस ते थोरला मुलगा तोशी याला घेऊन भारतात आले. ताजमहाल, बनारसचे घाट, कांचनगंगा यांच्यासोबत आपलं अजिंठा आणि वेरूळही त्यांच्या ठशांवर उतरलं. लेण्यात बाहेरचं ऊन दारापाशी थबकतं आणि आत अंधार हळूहळू उलगडतो, हे तिथे गेलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. सपाट लाकडातून हा अंधार काढायचा, तर काळ्या रंगाचा एक थर पुरत नाही. पातळ रंग एकावर एक चढवावे लागतात. योशिदांची चित्रं फार गोड, छायाचित्रासारखी आहेत असं म्हणणाऱ्यांनी ही लेणी पाहावीत.

युद्धकाळात काम आटलं. १९४६ नंतर नवं मुद्राचित्र झालं नाही. १९५० मध्ये टोकियोत त्यांचं निधन झालं. तोशी आणि धाकटा होदाका दोघेही मुद्राचित्रकार झाले. होदाका हे नाव गिर्यारोहक बापाने आपल्या आवडत्या पर्वतावरून ठेवलं होतं.