‘चार्ली विल्सन्स वॉर’ : गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘चार्ली विल्सन्स वॉर’ हा २००७ सालचा अमेरिकी चित्रपट अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजांशी लढणाऱ्या मुजाहिदीनांना सीआयएने लपूनछपून पुरवलेल्या शस्त्रांची गोष्ट सांगतो. पत्रकार जॉर्ज क्राइल यांच्या २००३ मधील पुस्तकावरून ॲरन सॉर्किन यांनी त्याची पटकथा लिहिली. दिग्दर्शक माइक निकोल्स यांचा हा शेवटचा चित्रपट. टेक्सासचे लोकप्रतिनिधी चार्ली विल्सन यांची भूमिका टॉम हँक्स यांनी, ह्यूस्टनच्या धनाढ्य जोॲन हेरिंग यांची ज्युलिया रॉबर्ट्स यांनी आणि सीआयए अधिकारी गस्ट अव्राकोटोस यांची फिलिप सेमूर हॉफमन यांनी केली आहे. पाकिस्तानचे लष्करशहा झिया-उल-हक झाले आहेत ओम पुरी. चित्रपट विनोदी असल्यामुळे त्यातले चमत्कारिक प्रसंग रचलेले आणि गंभीर भाग तेवढा खरा, असे वाटू शकते. बऱ्याच ठिकाणी प्रकार नेमका उलटा आहे.

गैरसमज १ : हसू आणणारे प्रसंग पटकथाकाराने रचलेले आहेत.

वस्तुस्थिती : त्यांतले अनेक प्रसंग घडलेले आहेत. विल्सन यांच्या कार्यालयातील देखण्या तरुणींना वॉशिंग्टनमध्ये खरोखरच ‘चार्लीज एंजल्स’ म्हणत. लास वेगासमधील मौजमजेवरून त्यांची अमली पदार्थांच्या संशयाने चौकशी झाली. आरोपपत्र मात्र दाखल झाले नाही. इजिप्तच्या संरक्षणमंत्र्यांची मर्जी संपादन करण्यासाठी त्यांनी टेक्सासहून एका बेली डान्सरला कैरोला नेले, हेही क्राइल यांनी नोंदवले आहे. सीआयएने १९९३ मध्ये त्यांचा केलेला गौरव, ज्याने चित्रपट सुरू होतो, हीसुद्धा खरी घटना आहे.

गैरसमज २ : अफगाणांना मदत विल्सन यांनी सुरू केली.

वस्तुस्थिती : अध्यक्ष जिमी कार्टर यांनी ३ जुलै १९७९ रोजी, म्हणजे सोव्हिएत फौजा शिरण्याच्या सुमारे सहा महिने आधी, छुप्या मदतीच्या आदेशावर सही केली. ती मदत शस्त्रांची नव्हती. डिसेंबर १९७९ मधील आक्रमणानंतर शस्त्रे निघाली आणि पहिल्या खेपेतल्या जुन्या .३०३ रायफली जानेवारी १९८० मध्येच पाकिस्तानात पोहोचल्या. विल्सन यांचा खरा वाटा रक्कम फुगवण्यात होता. १९८३ मध्ये त्यांनी एका फटक्यात ४ कोटी डॉलरची भर घालून घेतली. चित्रपटातले ५० लाखांवरून एक अब्जापर्यंतचे चढते आकडे मात्र सावधपणे घ्यावे लागतात. १९८७ मध्ये अमेरिकेची वार्षिक मदत सुमारे ६३ कोटी डॉलर होती आणि सौदी अरेबिया दर डॉलरमागे आपला एक डॉलर घालत होता. दोन्ही वाटे धरले तरच अब्जाचा हिशेब जुळतो.

गैरसमज ३ : छुपी कारवाई म्हणजे लोकप्रतिनिधींना अंधारात ठेवून केलेला कारभार.

वस्तुस्थिती : १९७४ च्या कायद्यापासून अशा कारवाईला अध्यक्षांची मंजुरी लागते आणि अमेरिकी काँग्रेसच्या ठरावीक समित्यांना तिची माहिती द्यावी लागते. अंधारात राहते ती जनता. अफगाण मदतीची रक्कम संरक्षण खात्याच्या अवाढव्य तरतुदीत विरघळवली जात असे. विल्सन यांची ताकद नेमकी तिथे होती, कारण ते प्रतिनिधिगृहाच्या, सरकारी खर्च मंजूर करणाऱ्या विनियोग समितीचे आणि तिच्या संरक्षण उपसमितीचेही सदस्य होते. सर्वांच्या गरजा भागवणारा आणि स्वतःच्या मतदारसंघासाठी फारसे न मागणारा माणूस असे चित्रपट त्यांना दाखवतो, ते काँग्रेसमधल्या देवाणघेवाणीचे मर्म आहे. शस्त्रे सोव्हिएत बनावटीची निवडली जात, म्हणजे ती शत्रूकडूनच हिसकावली असे म्हणता येई. या शस्त्रांसाठी इजिप्त आणि इस्रायलशी झालेले मजेशीर सौदे पडद्यावर रंगतात. चीन हा मोठा पुरवठादार मात्र त्यात जवळजवळ दिसत नाही.

गैरसमज ४ : स्टिंगर क्षेपणास्त्रांनी युद्ध जिंकले.

वस्तुस्थिती : खांद्यावरून डागायचे हे क्षेपणास्त्र अफगाणिस्तानात प्रथम २५ सप्टेंबर १९८६ रोजी जलालाबादजवळ वापरले गेले आणि त्या दिवशी तीन हेलिकॉप्टरे पडली. सोव्हिएत वैमानिकांना त्यानंतर उंचावरून उडणे भाग पडले, हे खरे. पण सोव्हिएत नेते मिखाइल गोर्बाचेव्ह यांनी माघारीचा विषय पॉलिटब्यूरोपुढे ऑक्टोबर १९८५ मध्येच काढला होता, आणि फेब्रुवारी १९८६ च्या पक्षकाँग्रेसमध्ये त्यांनी अफगाणिस्तानला भळभळती जखम म्हटले होते. दोन्ही घटना स्टिंगरच्या आधीच्या आहेत. माघारीमागे ढासळती अर्थव्यवस्था, सुमारे १५ हजार सैनिकांचे मृत्यू आणि पाश्चात्त्य देशांशी संबंध सुधारण्याची निकड हीही कारणे होती. एकच जादुई शस्त्र नसते, निरनिराळ्या शस्त्रांची सांगड लागते, हे चित्रपटातला सीआयएचा तरुण शस्त्रतज्ज्ञ स्वतःच सांगतो; लक्षात राहतात ती जळत कोसळणारी हेलिकॉप्टरे.

गैरसमज ५ : अमेरिकेने हा पैसा थेट तालिबान आणि ओसामा बिन लादेनला दिला.

वस्तुस्थिती : तालिबानचा उदय १९९४ मध्ये कंदाहार भागात झाला, तर सोव्हिएत फौजांची माघार १५ फेब्रुवारी १९८९ रोजी पूर्ण झाली होती. बिन लादेनकडे स्वतःचा व अरब देणगीदारांचा पैसा होता. सीआयएने त्याला पोसल्याचा पुरावा ९/११ च्या चौकशी आयोगाला सापडला नाही. याचा अर्थ अमेरिकेवर जबाबदारी येत नाही, असा नव्हे. पैसा आणि शस्त्रे पाकिस्तानच्या आयएसआय या गुप्तचर संस्थेकडे सोपवली जात आणि कोणत्या गटाला किती द्यायचे हे आयएसआय ठरवी. सर्वांत मोठा वाटा कट्टर इस्लामवादी गुलबुद्दीन हेकमत्यार यांच्या पक्षाकडे गेला. पंजशीर खोऱ्यात झुंजणाऱ्या अहमद शाह मसूद यांच्या वाट्याला तुलनेने थोडेच आले. पुढे हेकमत्यार यांच्या रॉकेटांनी काबूलचीच दुर्दशा केली. चित्रपटात ही वाटणी दिसत नाही, आणि त्याची सर्वांत मोठी उणीव हीच आहे.

गैरसमज ६ : सोव्हिएत सैन्य परतताच अमेरिकेने हात झटकले.

वस्तुस्थिती : चित्रपटाच्या शेवटी शाळांसाठी मागितलेले दहा लाख डॉलर विल्सन यांना मिळत नाहीत. पुनर्बांधणीकडे अमेरिकेने पाठ फिरवली, हा त्यातला आशय योग्य आहे. शस्त्रांचा ओघ मात्र थांबला नव्हता. काबूलमधील नजीबुल्ला यांच्या साम्यवादी सरकारविरुद्धची मदत १९९१ च्या अखेरपर्यंत चालू राहिली आणि ती चालू राहावी यासाठी स्वतः विल्सनही आग्रही होते. एप्रिल १९९२ मध्ये ते सरकार कोसळले व विजेत्या गटांत यादवी पेटली. शिक्षणावर पैसा मुळीच खर्च झाला नाही, असेही नाही. १९८० च्या दशकात अमेरिकी सरकारी निधीतून नेब्रास्का विद्यापीठाच्या ओमाहा शाखेने अफगाण मुलांसाठी पाठ्यपुस्तके तयार केली. त्यांत अंकओळख गोळ्या आणि बंदुकांच्या चित्रांवरून करून दिलेली होती. तालिबानच्या राजवटीतही ही पुस्तके वापरात होती. तालिबानने फक्त त्यांतल्या माणसांचे चेहरे खोडले.