चुंबकाची ओढ आणि शर्यतीतील न्याय

मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील नांदगावकरांना रुळांची ओळख करून देण्याचे कारण नाही. पण आगगाडीचे इंजिन मुद्दाम इतके जड का ठेवतात, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे. चाक रुळावर जितके दाबून बसेल, तितकी त्याची पकड अधिक. पकड नसेल तर चाके जागच्या जागी फिरतात आणि शक्ती फुकट जाते. या साध्या तत्त्वातून एका खेळात न्यायाचा प्रश्न कसा उभा राहिला, ते आपण पाहू.

तो खेळ म्हणजे ‘स्लॉट कार’ची शर्यत. इंग्लंडात फ्रेड फ्रान्सिस यांनी १९५७ साली ‘स्केलेक्सट्रिक’ या नावाने तो बाजारात आणला. मार्गात एक खाच असते व तळहातावर मावणाऱ्या मोटारीची खुंटी त्या खाचेतून सरकते. खाचेच्या दोन्ही अंगांच्या धातूच्या पट्ट्यांतून मोटारीला वीज मिळते. खेळाडूच्या हाती असते ती केवळ वेग कमीजास्त करणारी कळ. वळणावर वेग आवरला नाही की मोटार मार्गाबाहेर फेकली जाते. सारे कसब काय ते तेथेच.

पुढे मोटारीच्या पोटाशी लोहचुंबक बसविण्याची युक्ती निघाली. पट्ट्या पोलादी असल्या की मोटार त्यांना चिकटून धावते. तांब्याच्या असल्या तर चुंबकाचा काही उपयोग नाही. आता कोणी म्हणेल, चुंबकाऐवजी शिसे ठेवले तर? समजा, मोटार ८० ग्रॅमची आहे. तीत ८० ग्रॅम शिसे घातले तर पकड दुप्पट होते खरी, पण वळणावर आवरावयाचे ओझेही दुप्पट होते; लाभ शून्य. चुंबकाने ८० ग्रॅमची ओढ दिली, तर पकड दुप्पट होते आणि ओझे जवळजवळ तेवढेच राहते. हिशेबाने अशी मोटार तेच वळण सुमारे १.४ पट वेगाने घेऊ शकते. हा काही थोडाथोडका फरक नव्हे! निओडिमियमची प्रबळ चुंबके आल्यापासून तर कळ पुरती दाबून धरणाराही वळण पार करू लागला. मग जिंकले कोण, खेळाडू की चुंबक?

यावर उपाय मोजमापाचा. मोटारीच्या मागच्या आसाला दोरा बांधून ती ताणकाट्याने हळूहळू उचलावी. मागची चाके सुटतात त्या क्षणीचा आकडा, एकदा साध्या लाकडी फळीवर व एकदा मार्गाच्या तुकड्यावर, टिपून घ्यावा. दोहोंतील फरक म्हणजे मागच्या चाकांवरील चुंबकाची ओढ. मापासाठी मार्गाचा तुकडा सर्वांना एकच असावा.

ओढ अधिक भरली, तर चुंबक किंचित वर सरकवावे. चुंबक व पट्टी यांतील अंतर थोडे वाढले तरी ओढ झपाट्याने घटते. म्हणून कागदाएवढ्या पातळ चकत्यांनीही काम भागते. उलट, टायर झिजले की चुंबक पट्टीजवळ येते आणि कोणी हात न लावता ओढ वाढते. यासाठी शर्यतीपूर्वीप्रमाणे शर्यतीनंतरही माप घेणे इष्ट. मर्यादाही सर्वांत दुबळ्या चुंबकाची धरावी, म्हणजे कोणाला नवे चुंबक विकत घ्यावे लागणार नाही.

न्यायाच्या दोन रीती आहेत. घोड्यांच्या हँडिकॅप शर्यतीत सरस घोड्यावर अधिक वजन लादतात; तेथे शेवट अटीतटीचा व्हावा असा हेतू असतो. कुस्तीत वजनगट पाडतात. १९५२ साली हेलसिंकी येथे खाशाबा जाधवांनी कांस्यपदक मिळविले ते बँटमवेट गटात. वजनकाट्याने त्यांना जोडीचे प्रतिस्पर्धी दिले. डाव त्यांचे स्वतःचे होते. स्लॉट कारला ही दुसरी रीत शोभते. साधने समान करावीत, निकाल समान करू नये.

क्लबात एखादा मुलगा महागडे चुंबक घेऊन येतो आणि दुसऱ्याजवळ पेटीतून निघालेली साधी मोटार असते. सर्वांदेखत केलेले माप या दुसऱ्या मुलाला एवढेच आश्वासन देते की, तू हरलास तर तुझ्या हातामुळे हरशील, खिशामुळे नव्हे. असा पराभव मुले आनंदाने पत्करतात आणि पुढल्या खेपेस पुन्हा येतात.