मालगुडी नकाशावर कुठे लावायचं?

खारघरात पत्ता सांगायला फार बोलावं लागत नाही. सेक्टर, प्लॉट नंबर, इमारतीचं नाव आणि फार तर ‘उत्सव चौकातून आत’. इथे आधी नकाशा झाला आणि मग वस्ती आली. माझी सगळी नोकरी आरेखक म्हणून नकाशे काढण्यात गेली. त्यामुळे पडद्यावर एखादं गाव दिसलं आणि ते कुठल्याच नकाशात नसलं, तर ते लावून पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही.

दोन वर्षांपूर्वी नात ‘पंचायत’ बघत बसली होती. तिनं विचारलं, “आजी, हे फुलेरा खरंच बलियात आहे का गं?” मी म्हटलं, गोष्टीतलं आहे, पण पडद्यावर दिसतं ते नाही. बलिया जिल्हा उत्तर प्रदेशाच्या पूर्व टोकाला, गंगा आणि घागरेच्या मधे आहे. सगळी जमीन नद्यांनी आणून टाकलेल्या गाळाची. मालिकेचं चित्रीकरण मात्र मध्य प्रदेशात, सीहोर जिल्ह्यातल्या महोडिया गावात झालं. तो माळव्याचा काळ्या मातीचा मुलूख. अशा प्रत्येक गावाला दोन पत्ते असतात. एक गोष्टीचा, दुसरा कॅमेऱ्याचा. गोष्टीचा पत्ता पात्रांच्या तोंडून कळतो. बोली, कचेऱ्या, साहेबांच्या बदल्या, रेल्वे कुठे जाते, यांतून तो उलगडतो. कॅमेऱ्याचा पत्ता कळतो तो कुणी मुद्दाम मांडून न ठेवलेल्या गोष्टींवरून : दगड, माती, छपराचा उतार, मागचं झाड.

‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ साली झी मराठीवर सुरू झाली, तेव्हा हे दोन्ही पत्ते जवळजवळ एकाच ठिकाणी पडले. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागलेल्या कुणालाही हे ओळखता येईल. आपल्याकडचा खडक काळा, बेसाल्टचा. खाली रत्नागिरीकडे जावं तशी माती तांबडी होते, आणि गडगे, विहिरी, घरं सगळं जांभ्याच्या चिऱ्यांचं दिसू लागतं. मालिकेतल्या नाईक कुटुंबाचा वाडा पाहून एवढं तर पहिल्याच दिवशी कळलं. पण जांभा रत्नागिरीतही आहे. पुढचं काम बोलीनं केलं. ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ अशी मालवणी कानावर पडली की रत्नागिरी मागे पडते आणि सिंधुदुर्ग येतो. वाडा निघाला सावंतवाडीजवळच्या आकेरीचा. मालिका गाजली आणि माणसं वाट वाकडी करून तो बघायला जाऊ लागली.

हे सोपं झालं. मालगुडीनं मात्र मला खूप वर्षं गुंतवून ठेवलंय.

आर. के. नारायण यांच्या मालगुडी या गावाच्या कथांवरची शंकर नाग यांची ‘मालगुडी डेज’ ही मालिका दूरदर्शनवर लागायची, तेव्हा आमच्या घरात सगळ्यांचं एकमत होतं की हे कोकणच. मंगलोरी कौलं, पुढे पडवी, मागे गच्च हिरवं. आमचा अंदाज सह्याद्रीपुरता बरोबरच होता. चित्रीकरण कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या आगुंबे इथे झालं होतं. मालिकेतलं स्टेशन त्याच जिल्ह्यातलं अरसाळू. २०२० मध्ये तिथल्या जुन्या इमारतीत मालगुडी संग्रहालय सुरू झालं. मराठी प्रेक्षकाला या मालिकेबद्दल जवळीक वाटायला आणखीही कारणं आहेत. नाग मुंबईच्या मराठी रंगभूमीवर घडले, चापेकर बंधूंवरच्या ‘२२ जून १८९७’ या चित्रपटाच्या लेखनात त्यांचा हात होता. आणि मालिकेतली रेखाटनं लेखकाच्या धाकट्या भावाची, म्हणजे आपल्या आर. के. लक्ष्मण यांची.

तर कॅमेऱ्याचा पत्ता आगुंबे. पण आर. के. नारायण यांची पुस्तकं हातात घेतली की हा पत्ता टिकत नाही. आगुंब्यात वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. कादंबऱ्यांतली मालगुडीची सरयू नदी उन्हाळ्यात आटते, गावकरी संध्याकाळी तिच्या वाळूत जाऊन बसतात. इतक्या पावसाच्या घाटमाथ्याची ही नदी नव्हे. ही घाटाच्या पूर्वेकडची, पर्जन्यछायेतली नदी आहे.

दुसरा पुरावा मला फार आवडतो, कारण तो सरकारी आहे. ‘स्वामी अँड फ्रेंड्स’ (१९३५) मधल्या राजमचे वडील पोलीस उपअधीक्षक आहेत आणि शेवटी त्यांची बदली त्रिचनापल्लीला होते. त्रिचनापल्ली ब्रिटिशांच्या मद्रास इलाख्यात होतं. आगुंबे म्हैसूर संस्थानात होतं आणि संस्थानाचं पोलीस खातं वेगळं होतं. म्हैसूरच्या अधिकाऱ्याची बदली त्रिचनापल्लीला होणार नाही. म्हणजे मालगुडी मद्रास इलाख्यातलंच. पुढच्या कादंबरीतला चंद्रनही मद्रासलाच जातो. नारायण यांचं बरंच आयुष्य म्हैसूर शहरात गेलं, म्हणून पुष्कळ जण मालगुडीला म्हैसूरजवळ बसवतात. लेखक राहतो तिथेच त्याचं गाव असतं, हे गृहीत धरणं मला पटत नाही. लालगुडी या खऱ्या गावाचंही नाव घेतात, पण त्याचा मोठा आधार नावातलं साम्य एवढाच.

काही गावं मुळातच जुळू नयेत अशी रचलेली असतात. अमेरिकेतल्या ‘द सिम्पसन्स’ या कार्टून मालिकेतलं स्प्रिंगफील्ड तसं. २००७ च्या चित्रपटात त्याच्या राज्याला लागून ओहायो, नेवाडा, मेन आणि केंटकी ही चार राज्यं असल्याचं सांगितलंय. मेन अटलांटिकच्या काठावर, नेवाडा पार पश्चिमेला. असं राज्य कागदावर आखताच येत नाही. मालगुडीचं तसं नाही. पंधराएक पुस्तकांत मार्केट रोड, कबीर स्ट्रीट, लॉली एक्स्टेन्शन, अल्बर्ट मिशन स्कूल, मेंपी टेकड्या पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यांवरून जेम्स फेनेली या अमेरिकन अभ्यासकानं गावाचा आराखडा तयार केला. नारायण यांना स्वतःला मात्र स्थळ नक्की करण्यात रस नव्हता. मालगुडी काल्पनिक आहे, असं त्यांनी ‘मालगुडी डेज’ या कथासंग्रहाच्या प्रस्तावनेत लिहिलंय. शिकागो विद्यापीठानं काढलेल्या वाङ्मयीन नकाशासंग्रहात भारताच्या नकाशावर ते दाखवलंय, हेही तिथेच नोंदवलंय. न्यूयॉर्कच्या तेविसाव्या रस्त्यावर आपल्याला मालगुडीची माणसं दिसतात, असंही ते म्हणतात. पण ‘गाइड’वरचा हिंदी चित्रपट राजस्थानात नेला गेला तेव्हा त्यांना ते लागलं होतं, आणि त्यावर त्यांनी एक लेखच लिहिला. गाव काल्पनिक असलं तरी कुठेही उचलून ठेवावं असं नव्हतं, हे त्यावरून मला स्पष्ट दिसतं.

नातीनं मागच्या रविवारी दक्षिण भारताचा १९३० च्या सुमाराचा नकाशा छापून आणून दिला आणि म्हणाली, “आता खूण कर.” मी म्हैसूर संस्थानाची हद्द लाल पेन्सिलीनं गिरवली आणि ती ओलांडून बाहेर आले. घाटाच्या पूर्वेचा उतार हवा, म्हणजे नदी उन्हाळ्यात आटेल. मेंपीसाठी जवळ टेकड्या आणि जंगल हवं. मद्रासला रात्रीच्या गाडीनं जाता यायला हवं. खूण केली ती कोइमतूर आणि त्रिचनापल्लीच्या मधे, कोइमतूरच्या बाजूला झुकती.