वर्गाच्या जुन्या भिंतीस रंग देण्यापूर्वी

दिवाळीची सुटी जवळ आली म्हणजे पुष्कळ शाळांतून भिंती रंगविण्याची घाई सुरू होते. ग्रामपंचायतीकडून अथवा शाळा व्यवस्थापन समितीकडून थोडी रक्कम हाती आलेली असते. ती रंगाच्या डब्यांत खर्ची पडते आणि खालच्या भिंतीकडे कोणी पाहत नाही. पुढील श्रावणापर्यंत नवा रंग जुन्या पोपड्यांसह खाली येतो. दोष बहुधा नव्या रंगाचा नसतो. तो ज्यावर बसविला तेच सैल असते.

भिवंडी–वाडा रस्त्यावरील अंबाडी व तानसा नदीच्या आसपासची गावे घेतली, तर येथे वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तोही बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. जोत्यातून वर चढणारी आणि कौलांतून अथवा पत्र्याच्या सांध्यांतून खाली उतरणारी अशी दुहेरी ओल भिंतीत मुरते. कार्तिकात भिंत वरून कोरडी दिसली, तरी आत ओल असतेच. तिच्यावर तेलरंगाचा हात दिला की त्या ओलीस बाहेर पडण्यास वाट राहत नाही व ती रंगाला फुगवून फोडते. म्हणून ह्या भागात हे काम उन्हाळी सुटीत काढणे इष्ट. मात्र पाहणी भर पावसात करावी. ओलीचा डाग जेथवर पोहोचला असेल तेथे शिसपेन्सिलीने रेघ ओढून तारीख लिहून ठेवावी. गवंड्यास कौल कोठे फुटले हे सांगण्यास ती रेघ पुरते. उन्हाळ्यात प्लास्टिकचा हातभर तुकडा भिंतीस चारी कडांनी चिकटवून एक दिवस ठेवावा. आतल्या बाजूस दव जमले, तर थांबावे.

नंतर जुना थर कशाचा आहे हे पाहावे. ओले फडके घासल्यावर रंग फडक्यास लागला, तर तो चुना वा साधा डिस्टेंपर; न लागला, तर बहुधा तेलरंग. चुन्याची सफेदी भिंतीच्या छिद्रांत शिरते आणि हवेतील कर्बद्विप्राणिद वायू घेऊन पुन्हा दगडासारखी घट्ट होते. तेलरंगाच्या गुळगुळीत पृष्ठावर तिला शिरण्यास जागा नसते, म्हणून ती तेथे टिकत नाही. वाडा-जव्हारकडील वारली घरांत लग्नाचा चौक लिहिण्यापूर्वी बायका भिंत सारवून घेतात. पोपड्यांवर चित्र काढण्याचा विचार तेथे कोणाच्या मनातही येत नाही.

खरा काळजीचा विषय तेलरंगाचा आहे. शिसपेन्सिलीत शिसे नसते. जुन्या तेलरंगात मात्र ते असू शकते, विशेषतः पिवळ्या, तांबड्या व नारिंगी रंगांत. घरगुती व सजावटीच्या रंगांत शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत 90 भागांहून अधिक असू नये, असे बंधन आपल्या देशात 1 नोव्हेंबर 2017 पासून लागू झाले. त्यापूर्वीच्या ‘बोलक्या भिंती’ आणि खालचे तीन-चार फुटांचे गडद पट्टे ह्यांविषयी संशय धरणेच शहाणपणाचे. तोच पट्टा पहिलीच्या मुलाच्या हाताशी येतो आणि तोच हात तोंडात जातो. शिशाने लहान मुलाच्या मेंदूची वाढ व लक्ष देण्याची शक्ती बाधित होते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते त्याची कोणतीही निर्धोक मात्रा माहीत नाही. पाठ न होणाऱ्या मुलास ‘मठ्ठ’ म्हणणाऱ्या शिक्षकाने एकदा भिंतीकडेही पाहावे.

ह्यावरून उघड होते की, भिंती खरवडणे हे श्रमदान म्हणून विद्यार्थ्यांकडे सोपविण्याचे काम नव्हे. मोठ्या इयत्तेतील मुलांसही त्यात घेऊ नये. गर्भवती स्त्रियांनीही दूर राहावे. शाळा बंद असताना, खोलीतील तक्ते, पुस्तके व पोषण आहाराचा तांदूळ बाहेर नेऊन, जाणत्या रंगाऱ्याकडून हे काम करून घ्यावे. खाली प्लास्टिक अंथरावे, भिंतीवर पाणी शिंपडावे आणि ओले पोपडेच पत्रीने काढावेत. कोरडा काचकागद घासू नये व रंग जाळून काढू नये. धूळ आणि वाफ दोन्ही घातक. नाकावर बारीक धूळ अडविणारा मुखपट्टा हवा, रुमाल पुरत नाही. जो रंग घट्ट बसला आहे तो तसाच राहू द्यावा. त्याच्या कडा तेवढ्या ओल्या काचकागदाने सपाट कराव्यात.

लोणा लागलेला भाग असल्यास तो मऊ कुंचल्याने झाडावा; पाण्याने धुतल्यास क्षार पुन्हा आत जातात. सुटलेला गिलावा काढून नवा भरावा, आठवडाभर त्यास पाणी मारावे आणि महिनाभर वाळू द्यावा. मगच लांबी, अस्तर व रंग. नवा डबा घेताना त्यावर शिशाच्या प्रमाणाची 90 ची मर्यादा नोंदलेली आहे की नाही ते वाचावे.

पोपडे पिशवीत बांधून, त्यात काय आहे हे सांगून ग्रामपंचायतीच्या हवाली करावेत. फरशी केरसुणीने न झाडता ओल्या फडक्याने दोनदा पुसावी, आणि ते पाणी शाळेच्या परसबागेत अथवा विहिरीजवळ ओतू नये.