सेकंड सुटतोय

मंगळवार पेठेतलं हे परडं सकाळी आठलाच रॉकेलच्या वासानं भरलंय. मधोमध 1984 ची बुलेट उभी आहे. सीट, टाकी, बॅटरी आधीच उतरवून भिंतीशी ठेवलीय. मामांचा नुसत्या स्टँडवर भरवसा नाही. त्यांनी फ्रेमच्या मागच्या भागाखाली दोन सागवानी ठोकळे सारलेत आणि हँडलच्या मानेला दोर बांधून तो शेडच्या तुळईवरून घेतलाय. एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या माणसाला काय कशावर टेकवायचं याची घाई नसते.

"दसऱ्याला पूजेला उभी राहिली पायजे गाडी," भाचा म्हणतो.

"उभी हाय की. चालती कधी करायची ते बोल."

भाचा शिरोलीच्या एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवतो. ही बुलेट त्यानं सांगलीकडच्या एका शेतकऱ्याकडून घेतली. तक्रार एकच आहे: दुसऱ्या गिअरला गाडी जोरात ओढली की गिअर आपोआप सुटतो आणि इंजिन मोकळं ओरडतं. टॉपला मात्र आवाज नाही की झटका नाही.

त्याचं कारण मामा परातीच्या तेलकट तळावर बोटानं रेघा ओढून दाखवतात. या गाडीचा गिअरबॉक्स इंजिनापासून वेगळा, मागून चार स्टडांवर कसलेला आहे. अल्बियन जातीचा, म्हणजे मूळ बर्मिंगहॅमच्या कारखान्याची रचना. वर मेनशाफ्ट, खाली लेशाफ्ट. टॉपला मेनशाफ्ट थेट बाहेरच्या स्प्रॉकेटच्या गिअरला अडकतो, ताकद सरळ चेनला जाते. पहिल्या तीन गिअरना मात्र ती खालच्या शाफ्टवरून फिरून वर यावी लागते. म्हणून झीज कुठं झालीय ते बॉक्स न उघडताही कळतं.

"तरी पण उघडायचा," मामा म्हणतात. "कळणं येगळं आन् बघणं येगळं."

मला वरच्या मजल्यावरून टॉर्च धरायला आणि चिठ्ठ्या लिहायला बोलावलंय. सुपारीच्या रिकाम्या डब्या ओळीनं मांडल्यात, प्रत्येकीत एक चिठ्ठी: 'डावं फूटरेस्ट', 'क्लचच्या स्प्रिंगा', 'कार्बुरेटर'. भाचा प्रत्येक पायरीचा मोबाइलवर फोटो काढतो. मामा त्याला अडवत नाहीत, पण काढलेला नट लगेच आपल्याच बोल्टावर दोन आटे फिरवून ठेवायला लावतात.

कामाची सुरुवात डाव्या बाजूनं होते. फूटरेस्ट सुटतं. प्रायमरी चेनचं मोठं झाकण मधल्या एकाच नटावर बसलेलं असतं. भाचा पाना लावतो, पाना घसरतो.

"थांब लगा. त्यो मिलिमीटरचा हाय. ह्यो नट इंची."

मामांच्या जुन्या कातडी पिशवीतून पाना निघतो, त्याच्या दांड्यावर अपूर्णांकातला आकडा कोरलेला. 1955 साली मद्रास मोटर्स आणि रेडिचची रॉयल एनफिल्ड यांनी मिळून इथं कंपनी काढली, आणि तिरुवोट्टियुरच्या कारखान्यात या गाड्या तयार होऊ लागल्या. रेखाटनं इंग्रजी आणि मापं इंची. पुढं देशात सगळीकडं मीटर-मिलिमीटर आलं, तरी गाडीच्या पोटात कितीतरी जागी इंचच राहिले. ज्याच्याकडं इंची पाने नव्हते त्यानं जवळपासचा पाना लावून जोर केला. त्या नटाचे सहाही कोपरे गोल झालेत.

"गाडी काय बोलत नसती," मामा टॉर्चच्या उजेडात नट फिरवून बघतात. "आधीचा मेस्त्री बोलतो."

झाकण ओढलं की जुनं काळं तेल घमेल्यात उतरतं. आत पुढं क्रँकच्या टोकाला अल्टरनेटर, मागं क्लच, आणि दोघांना बांधणारी दुपदरी चेन. या चेनला सोडायला जोड नाही, त्यामुळं इंजिनाचं स्प्रॉकेट, चेन आणि क्लच एकदम, एका रेषेत बाहेर यावे लागतात. स्प्रिंगा निघतात. प्लेटा एकामागून एक निघतात आणि त्याच क्रमानं तारेत ओवल्या जातात. मधला नट दिसतो, आणि त्याच्या कडेवर छिन्नीचे वार.

"छिन्नीनं सोडवलाय," भाचा म्हणतो.

"सोडवलाय न्हवं. छिन्नीनंच कसलाय. ठोक कुठल्या अंगानं पडलेत ते बघ." मामा बोट फिरवतात. वार घड्याळाच्या दिशेनं ढकलणारे आहेत. "रस्त्यावर असंल बिचारा. पाना नसंल."

मामा त्या माणसाला शिव्या देत नाहीत, त्याची अडचण ताडतात. मग पुलर लावतात, बोल्ट पाव फेरा कसतात, थांबतात, हातोड्यानं वर एक टिचकी देतात, पुन्हा पाव फेरा. क्लच टक्कन सुटतो. मामा एका हातानं क्लच आणि दुसऱ्या हातानं पुढचं स्प्रॉकेट धरून सगळी चेन ताणलेलीच बाहेर घेतात. भाच्याचा फोटो हलतो.

आतली केस निघाल्यावर मागच्या चाकाच्या चेनचं छोटं स्प्रॉकेट उघडं पडतं. या गाडीत ते क्लचच्या मागं दडलेलं असतं, नुसतं तेवढं बदलायचं म्हटलं तरी एवढी सगळी उसाभर करावी लागते. मागच्या चेनची लॉकपट्टी पकडीनं सरकवताना मामा विचारतात, "बंद तोंड कुणीकडं पायजे?"

"चेन धावते तिकडं."

"आणि हितं?"

ते उलट बसवलेलं आहे. आधीच्या कुणीतरी. 'लॉकपट्टी' या डबीवर मी एक फुली मारते.

मामी चहा घेऊन येतात. त्यांची नजर चहाच्या आधी परातीवर पडते. "पुरणाची परात हाय ती!"

"घासून देतो गं."

"तुमचं घासणं ठावं हाय मला." त्या कप ठेवतात आणि एक गंजलेलं घमेलं आणून आपटतात. परात घेऊन न जाता निघून जातात, कारण ती आता कुणालाच नकोय.

उजव्या बाजूला कामं भराभर उरकतात. किक, गिअरचा दांडा आणि त्याच्यामागं टाचेनं दाबायचा न्यूट्रल फाइंडर. पहिला सोडून कुठल्याही गिअरमधून टाचेच्या एका दाबानं गाडी न्यूट्रलला आणणारी ही सोय, सिग्नलला उभ्या असलेल्या जुन्या बुलेटवाल्याला माहीत असलेलं सुख. क्लचची केबल सुटते. फ्रेमला धरणारे बोल्ट निघतात. आता इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये फक्त चार नट उरलेत.

तीन सुटतात. चौथा फिरतो, फिरतच राहतो.

मामा पाना काढून हातानं नट फिरवतात. नटासोबत स्टडही फिरतोय. "आटे गेलेत. नटाचे न्हाईत, इंजिनाच्या केसचे." ते बॉक्स दोन्ही हातांनी धरून मागं हलवतात, भाचा खालून आधार देतो, आणि बॉक्स मागं येतो तो त्या स्टडला घेऊनच. स्टडच्या टोकाला काहीतरी चमकतं. मी टॉर्च जवळ नेते. आट्यांवर तांब्याच्या तारेचे पाच-सहा बारीक पदर गुंडाळलेत. ढिल्या भोकात स्टड घट्ट बसावा म्हणून कुणीतरी वायर सोलून ही तार काढलीय.

इतका वेळ जे वाचत होतो त्यातला हा सगळ्यात बोलका मजकूर. गिअरबॉक्स वर्षानुवर्षं तीन नटांवर आणि एका आशेवर बसला होता. चेननं ताण दिला की बॉक्स केसाएवढा हलत असणार, मागून तेल झिरपत असणार. मालकानं ते पुसलं असणार आणि गाडी विकताना पुसूनच दिली असणार.

"म्हणजे नुसता बॉक्स बदलून भागणार न्हाई," भाचा म्हणतो.

"इंजिन उतरायचं. उद्यमनगरात न्यायचं. भोक मोठं करून आटे पाडून, पोलादी बुश घालायचं आन् त्यात मापाचे आटे." मामा फडक्याला हात पुसतात. "काढतोयसच तर पुरतं काढ."

इंजिन उतरवणं गिअरबॉक्सपेक्षा सोपं आहे, फक्त जड आहे. तेल सोडतात, या इंजिनाला वेगळी तेलटाकी नाही, ती क्रँककेसच्याच पोटात ओतलेली आहे. मग सायलेन्सरचा पाइप, कार्बुरेटर, हेडला वरून धरणारी पट्टी, डिकॉम्प्रेसरची केबल, पॉइंटची वायर. डबीत जागा नाही म्हणून पॉइंटच्या वायरची चिठ्ठी वायरलाच बांधते. मग मामा दोराला हात लावून ताण बघतात, आणि तेव्हा मला त्या दोराचं कारण कळतं. या फ्रेमला तळच नाही. पुढची नळी खाली येते आणि इंजिनाच्या छातीशी संपते, मागच्या नळ्या इंजिनाच्या पाठीशी सुरू होतात. मधला सांधा म्हणजे इंजिन. ते काढलं की गाडी दोन तुकड्यांत विचार करायला लागते.

शेवटचे लांब बोल्ट मामा ठोकून काढत नाहीत. भाचा इंजिन अंगठ्याएवढं उचलतो, मामा बोल्ट बोटांनी ओढतात. "बोल्ट अडकला तर ठोकायचा नसतो. वजन कुणीकडं हाय ते हुडकायचं." बोल्ट येतो. दोघं वाकतात, 'हं' करतात, आणि 346 सीसीचं ओतीव लोखंडी सिलिंडर मिरवणारं इंजिन तिरकं होऊन, एका कुशीनं बाहेर येतं आणि पोत्यावर बसतं. पुढचं चाक दोरावर किंचित डुलतं. गाडीच्या मधून पलीकडची तुळस दिसते.

दुपारी जुना बॉक्स वर्तमानपत्रावर उघडतो. आत तेलापेक्षा ग्रीस जास्त. या बॉक्साला ग्रीसच घालायची पद्धत होती, आणि गळती लपवायला तिचा फार उपयोग. मामा ग्रीस दोन बोटांत चोळून उन्हात धरतात. त्यात बारीक कण लुकलुकतात. दुसऱ्या गिअरचे डॉग रॉकेलनं धुतल्यावर दिसतात: ज्यांच्या कडा कोऱ्या, काटकोनी हव्यात ते दात वापरलेल्या साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झालेत. जोर आला की एकमेकांना धरायच्या ऐवजी ते एकमेकांवरून सरकणार. गिअर सुटतो तो असा.

बदलीचा बॉक्स उद्यमनगरातल्या एका जुन्या गाड्या तोडणाऱ्याकडून आणलाय. भाच्याला तो तसाच चढवायची घाई. मामा तोही उघडतात. याचे डॉग कोरे आहेत, पण किकच्या रॅचेटचे दात बसलेत. जुन्या बॉक्सचं रॅचेट बरं आहे. दोन बॉक्सांतून एक चांगला बॉक्स जुळतो. उरलेले भाग मामा फेकत नाहीत, तेलाच्या कापडात गुंडाळून चिठ्ठी लावतात.

सिलिंडर आणि हेड उतरवून, भोकांत चिंध्या कोंबून, इंजिनाचा खालचा भाग रिक्षानं उद्यमनगरात जातो. उसाला पाणी देणारी ऑइल इंजिनं, त्यांचं ओतकाम, त्यांचे सुटे भाग यांवर वाढलेली ही वसाहत. इथं गल्लीत लेथचा आवाज थांबला तर लोक वर बघतात. मशीनवाला स्टड आणि तार हातात घेतो, हसतो, काही विचारत नाही. आधी केस टेबलावर घेऊन मागची बाजू सपाट लागतेय का ते बघतो; भोक वाकडं पडलं तर बॉक्स कायमचा वाकडा. मग ड्रिल, टॅप, बुश, पुन्हा टॅप. अॅल्युमिनियमची चांदीसारखी कात जमिनीवर पडते. भाचा, जो रोज मशीनला आकडे देऊन भोकं पाडून घेतो, तो या माणसाच्या मनगटाकडं डोळे न हलवता बघतो. टॅप अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं.

पुढच्या रविवारी परड्यात सगळं उलट्या क्रमानं चढतं. सुपारीच्या डब्या शेवटाकडून रिकाम्या होत येतात. आता पाना भाच्याच्या हातात आहे आणि मामा दुधाच्या कॅरेटवर बसलेत. पॅकिंग नवं, त्यावर शेलॅकचा पातळ हात. चारही नट आलटून-पालटून कसले जातात, आणि चौथा जेव्हा कर्र करून घट्ट थांबतो तेव्हा भाचा पाना तसाच धरून क्षणभर मामांकडं बघतो. मामा फक्त मान हलवतात. बॉक्स इंजिनाला कायमचा कसलेला असल्यानं प्रायमरी चेनचा ताण बॉक्स मागं-पुढं सरकवून जुळत नाही, चेनखालच्या पट्टीनं जुळवावा लागतो. भाचा चेन बोटानं दाबून पाव इंच खेळ ठेवतो, मग चाक फिरवून आणखी तीन जागी दाबून बघतो. लॉकपट्टीचं बंद तोंड या वेळी चेन धावते तिकडं. क्लचचा छिन्नी खाल्लेला नट बाद होतो, नव्यावर पाना नीट बसतो.

मग किल्ली. भाचा किक हळू दाबत अॅमिटरचा काटा बघतो. काटा मधोमध आला की पॉइंट उघडलेत, पिस्टन वर आहे. डिकॉम्प्रेसर दाबून किक जरा पुढं, डिकॉम्प्रेसर सोडून किक पुन्हा वर, आणि पूर्ण वजन. पहिल्याला नुसता फुसका. पुन्हा काटा, पुन्हा वजन, आणि परडं थरारतं. मामी खिडकीतून डोकावतात.

पहिला वर, बाकीचे तीन खाली. भाचा बोळातून बाहेर पडतो, चढावर मुद्दाम दुसऱ्यातच ठेवून गाडी ओढतो. आम्ही आवाजावरून बघतो. आवाज चढत जातो, तुटत नाही. गाडी वळसा घालून परत येते, भाच्याचे दात दिसतात.

"धरतोय, मामा! पण वर काहीतरी टिकटिक कराय लागलंय. आधी न्हवतं."

मामा वाकून टॅपेटच्या झाकणाशी कान नेतात. "आधीपासनं होतं. खालचा बॉक्स एवढा बोंबलत होता, तुला ऐकू कसं येणार?"

भाचा लगेच पिशवीतला इंची पाना उचलतो. मामा तो त्याच्या हातातून काढून घेतात.

"गरम इंजिनावर टॅपेट जुळवत न्हाईत. पुशरॉड बोटांनी फिरला पायजे, वर-खाली हलला न्हाई पायजे, आन् ते गार असतानाच कळतं. उद्या कामावर जायच्या आधी ये. चहा हितंच घे."