ईशान्येचे घड्याळ

कच्छपासून अरुणाचलपर्यंत भारत सुमारे २९ रेखांश पसरला आहे. एका रेखांशामागे सूर्योदय चार मिनिटांनी पुढे-मागे होतो, म्हणजे देशाच्या दोन टोकांत जवळजवळ दोन तासांचा फरक पडतो. तरीही १ जानेवारी १९०६ पासून आपली प्रमाणवेळ एकच आहे, मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची. तिची झळ मात्र सगळ्यांना सारखी बसत नाही. गुवाहाटीत जूनमध्ये पहाटे साडेचारच्या सुमारास सूर्य उगवतो आणि डिसेंबरच्या सुरुवातीला संध्याकाळी साडेचारलाच मावळतो. दहाच्या कचेरीला माणूस पोचेपर्यंत उन्हाळ्यातला निम्मा-शिम्मा दिवस सरत आलेला असतो, आणि हिवाळ्यात कचेरी सुटण्याआधीच दिवे लावावे लागतात. ईशान्य भारताला एक तास पुढची स्वतंत्र प्रमाणवेळ मिळायलाच हवी, असे मला वाटते. याचा सर्वांत बळकट पुरावा आसामच्या चहामळ्यांत आहे. ब्रिटिश मळेवाल्यांनी तिथली घड्याळे तासभर पुढे लावली आणि त्या वेळेला आजही ‘बागान टाइम’ म्हणतात. मळ्याच्या घड्याळात आठ वाजता बायका पाने खुडायला लागतात, तेव्हा फाटकाबाहेरच्या बाजारात सातच वाजलेले असतात.

मग बाकीच्यांनीही कामाच्या वेळा अलीकडे आणाव्यात, घड्याळाला हात कशाला लावायचा, असे विचारले जाते. पण मळा ही आपल्यापुरती वस्ती आहे. शाळा, बँक, न्यायालय, स्पर्धापरीक्षा यांच्या वेळा एकमेकींत अडकलेल्या असतात. एकीने अलीकडे यायचे आणि दुसरीने जागच्या जागी राहायचे, यात हाल सामान्य माणसाचेच. साऱ्या देशाचे घड्याळ अर्धा तास पुढे घ्यावे, असा दुसरा तोडगा बंगळुरूच्या राष्ट्रीय प्रगत अध्ययन संस्थेतल्या अभ्यासकांनी मांडला. संध्याकाळची वीज त्याने वाचेल, हे खरे. पण द्वारकेला जानेवारीत आधीच साडेसातच्या आसपास सूर्य उगवतो, तो आठवर जाईल, आणि आसामच्या पदरात अर्धाच न्याय पडेल.

उरतो आक्षेप रेल्वेचा, आणि तो गंभीर आहे. दोन वेळांच्या सीमेवर गफलत झाली तर गाड्यांची टक्कर होईल, अशी भीती घातली जाते. देशाची अधिकृत वेळ राखणाऱ्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये यावर नेमका उपाय सुचवला: सीमा बंगाल-आसामच्या हद्दीवर ठेवावी, कारण तिथे लोहमार्ग मोजकेच ओलांडतात. मी तर म्हणेन, रेल्वेने आपल्या कारभारापुरते एकच घड्याळ ठेवावे. अकरा कालविभागांच्या रशियात २०१८ पर्यंत गाड्यांचे वेळापत्रक मॉस्कोच्याच वेळेने छापले जाई. आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकात रेल्वे मद्रासच्या वेळेने धावत होती आणि मुंबई स्वतःच्या वेळेने जगत होती. प्रमाणवेळेहून ३९ मिनिटे मागे असलेला तो ‘बॉम्बे टाइम’ शहरात १९५५ पर्यंत टिकला. स्वातंत्र्यानंतरची ती आठ वर्षे मुंबई देशापासून तुटली नव्हती. तेव्हा दोन वेळांमुळे ईशान्य भारत दुरावेल, या भीतीलाही आधार उरत नाही.