आवाज गेला आणि नट दिसला

लक्ष्मीकांत बेर्डे हा नट मला कितीतरी वर्षं आवडत नव्हता, आणि माझा धंदाच असा होता की त्याला टाळता येत नव्हतं. नव्वदच्या आसपास झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, शहापुरात मी टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं द्यायचो. लग्न, बारसं, गणपती आणि दिवाळीनंतर गावोगावची मंडई, म्हणजे जत्रा. हलका धान निघालेला असायचा, लेकी-जावई पाहुणे आलेले असायचे, आणि ज्या गावात त्या रात्री दंडारीसारखं लोकनाट्य किंवा नाटक नसे, तिथं माझा व्हीसीआर लागायचा. एका रात्रीत तीन पिक्चर. मशीनजवळून हलता येत नसे, कारण कॅसेट घासलेली असली की पडद्यावर मुंग्या यायच्या आणि हेड साफ करावं लागायचं. त्या तिनांत एक तरी लक्ष्याचा असायचाच. लोक नाव घेऊन मागायचे.

माझी आवड वेगळी होती. ‘सामना’तले श्रीराम लागू आणि निळू फुले मी पुन्हा पुन्हा पाहायचो. नुसती नजर फिरवून माणूस उभा करणारे हे नट. त्यांच्यापुढं लक्ष्मीकांतचं डोळे वटारणं, ओरडणं, तोंड वेडावणं मला सहन होत नसे. कुठलाही पिक्चर लावा, माणूस तोच, असं माझं मत होतं.

हे मत हवेतून आलेलं नव्हतं. 1985 साली महेश कोठारे यांचा ‘धूमधडाका’ चालला आणि मराठी चित्रपटाला विनोदाचा हमखास रस्ता सापडला. ‘दे दणादण’, ‘थरथराट’, ‘धडाकेबाज’ असे एकामागून एक चित्रपट आले. जे एकदा चाललं तेच पुन्हा मागितलं गेलं, प्रेक्षकांकडूनही आणि निर्मात्यांकडूनही. ज्या नटाला सारखं एकच काम मिळतं, त्याला आपण त्या कामावरूनच ओळखायला लागतो. लक्ष्मीकांत नाटकातून आलेला होता, 1983 च्या ‘टूरटूर’नं त्याचं नाव झालं होतं, पण आमच्या गावापर्यंत पोचला तो फक्त पडद्यावरचा लक्ष्या.

एका मंडईच्या रात्री ‘अशी ही बनवाबनवी’ लावला होता. अर्ध्यावर स्पीकर बंद पडला. वायर तपासली, फ्यूज बदलला, काही उपयोग होईना. मी मशीन बंद करायला हात लावला तशी पुढं बसलेली एक म्हातारी म्हणाली, “राहू दे ना बाबू, समजून रायलं सारं.” पिक्चर मुका चालत राहिला आणि लोक हसत राहिले. अगदी त्याच जागांवर, तितकंच.

त्या रात्री मी पहिल्यांदा लक्ष्मीकांतच्या हातांकडं पाहिलं. पडद्यावर त्यानं रंगवलेल्या परशुरामची, म्हणजे परशाची, सोंग घेऊन पार्वती झालेली होती. आमच्या भागातल्या माणसाला हे काम बारकाईनं पाहता येतं, कारण खडी गंमत या लोकनाट्यात बाईचं सोंग पुरुषच घेतो. ढोलकी-तुणतुण्याच्या साथीला उभा राहिलेला गडी कच्चा असला तर नुसता कंबर हलवतो आणि शिट्ट्या मिळवतो. पक्का असला तर पदर कधी सावरायचा, खाली बसताना पाय कसे मिटायचे, समोर वडीलधारं आलं की मान किती झुकवायची, हे त्याला ठाऊक असतं. लक्ष्मीकांतला त्याहून अवघड काम होतं. त्याला एकाच वेळी पार्वती करायची होती आणि पार्वतीचं सोंग अंगावर पडलेला परशाही दिसू द्यायचा होता. घरमालकीण समोर आहे तोवर बोटं पदराच्या काठावर, आवाज नसतानाही गळा आवळलेला कळतो. तिची पाठ फिरली की खांदे सैल पडतात. ती पुन्हा वळायच्या आत बाई हजर. हा हिशेब क्षणभर चुकला तर हसू येणार नाही. सोबत सचिन आणि अशोक सराफ, म्हणजे तिघांचाही ताल जुळला पाहिजे. मला इतकी वर्षं त्रास व्हायचा तो आवाजाचा. अभिनय त्याखाली व्यवस्थित चालू होता.

पुढं ‘एक होता विदूषक’ पाहायला मिळाला आणि मत पुरतं बदललं. 1992 चा हा चित्रपट. दिग्दर्शक जब्बार पटेल, म्हणजे ‘सामना’चेच, लेखन पु. ल. देशपांडे यांचं, गाणी ना. धों. महानोरांची. तमाशातल्या बाईच्या पोटी जन्मलेला आबुराव सोंगाड्या होतो, सिनेमात मोठा नट होतो, राजकारणाच्या वाऱ्याला लागतो. साऱ्या मुलखाला हसवतो आणि स्वतःच्या मुलीच्या ओठांवर हसू आणताना मात्र थकतो. इथं दिग्दर्शकानं लक्ष्मीकांतला उसंत दिली. वाक्य संपल्यावरही कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर राहतो. बोर्डावर उभं राहायची ढब, शब्द फेकायची वेळ, सगळं तेच, पण या वेळी त्यामागं एक आयुष्य होतं. मराठीतला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. तिकीटबारीवर मात्र तो चालला नाही.

लक्ष्मीकांत पुन्हा विनोदाकडं वळला. 1993 साली ‘झपाटलेला’ आला. त्यात रामदास पाध्ये यांचा बाहुला आहे, तात्या विंचू. आता मी तो वेगळ्या नजरेनं पाहिला. बाहुला कितीही सफाईनं हलवला तरी तो जिवंत आहे हे आपल्याला पटतं ते समोरच्या नटाच्या भीतीमुळं. लक्ष्मीकांत त्या बाहुल्याकडं माणसाकडं पाहावं तसं पाहतो, त्याच्या वाक्याची वाट पाहतो, दचकून एक पाऊल मागं सरतो. त्याची ती नजर खोटी पडली असती तर सगळा चित्रपट कोसळला असता.

आजही त्याचे काही पिक्चर मला बघवत नाहीत. लिखाण पातळ असलं की नट आरडाओरडा करून भोक बुजवतो, आणि ते दिसतं. पण भूमिका कच्ची असणं आणि नट कच्चा असणं, या दोन गोष्टी आपण सहज एक करून टाकतो. विनोदी नटाच्या बाबतीत तर हमखास. रडवणाऱ्याला आपण कलावंत म्हणतो, हसवणाऱ्याला करमणूक. आमच्या झाडीपट्टीत मात्र रात्रभर नाटक जागतं ठेवणारा बहुतेक वेळा विनोदी नटच असतो. अशाच एका नटाला, गडचिरोली जिल्ह्यातल्या परशुराम खुणे यांना, 2023 साली पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या भागातल्या कितीतरी लोकांना आपलाच सन्मान झाल्यासारखं वाटलं.

लक्ष्मीकांत 16 डिसेंबर 2004 ला गेला, वयाच्या अवघ्या पन्नासाव्या वर्षी. आबुरावसारखं काम त्याला आणखी चार-पाच वेळा मिळायला हवं होतं, असं मला मनापासून वाटतं. म्हणून कुणी एखाद्या नटाला एका वाक्यात निकालात काढलं की मी सांगतो: त्याचा एक चांगला लिहिलेला चित्रपट शोधा, मग त्याचा जुना, नावडता चित्रपट आवाज बंद करून दहा मिनिटं बघा. तरीही नाही आवडला तर हरकत नाही. निदान नापसंती नटाबद्दल आहे की त्याला मिळालेल्या कामाबद्दल, एवढं तरी नक्की कळेल.